ऊन दाखवलेली बाटली

माझ्या इवायानं विकलं नाही असं या मुलखात फारसं काही उरलेलं नाही. वैनगंगा तेवढी राहिली, तीही गिऱ्हाईक वेळेवर आलं नाही म्हणून. इवाई म्हणजे माझ्या लेकीचा सासरा. तिकडं पुण्यामुंबईला व्याही म्हणतात, त्यात अदब आहे. आमच्या बालाघाटाकडं इवाई म्हणतात, त्यात अदबीपेक्षा धाक जास्त. किरनापूर ओलांडून लांजीच्या रस्त्याला लागलं की त्याचं गाव. जन्मभर त्यानं बैलबाजारात दलाली केली. बैल एकाचा, पैसा दुसऱ्याचा, आणि तोंड याचं. मी खदानीवर जीप चालवायचो. शाळा चौथीत सुटली, म्हणजे मी सोडली की तिनं मला सोडलं ते मास्तरलाच ठाऊक. तेव्हा लिहिण्यात चूक दिसली तर मनात ठेवा. मी उलटून बोलतो अशी माझी ख्याती आहे, आणि आता मला आवरणारी घरात कोणी नाही.

बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दलाल खांद्यावरचा दुपट्टा काढतो, तुमच्या हातावर टाकतो, आणि त्याखाली हात घालून तुमची बोटं धरतो. कोणतं बोट धरलं, किती धरली, कशी दाबली, त्यावरून भाव. भोवती जत्रा उभी असो, भाव कळतो तो त्या दोघांनाच. इथपर्यंत ठीक आहे, सगळेच दलाल असं करतात. माझ्या इवायानं मात्र ही रीत बाजारातून उचलून सगळ्या संसारात आणली. भाजीवालीच्या हातावर दुपट्टा, बस कंडक्टरच्या हातावर दुपट्टा. एकदा ताप आला म्हणून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं नाडी पाहायला मनगट धरलं, तर यानं पडल्या पडल्या वरून दुपट्टा टाकला आणि डॉक्टरचं एक बोट दाबलं. रामपायलीला रामाच्या देवळात गेला की नारळ फोडतो, अर्धा देवापुढं ठेवतो आणि अर्धा पिशवीत घालतो. पुजारी म्हणाला, बाकीचा कधी? तर म्हणतो, "काम झाल्यावर. देवाले पुरं देऊन ठेवलं मंजे तो निवांत होते."

लेकीचं लग्न जुळवायला आला तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. चहा झाला, पोहे झाले, माणसं बोलायला सरसावून बसली, आणि यानं एकदम माझ्या मांडीवर दुपट्टा टाकून माझा हात धरला. मी घाबरलो. आयुष्यात माझा हात असा कोणी धरला नव्हता, धरला असता तर बायकोनं विचारलं असतं. घाबरून मी त्याची सगळी बोटं आवळली. तो उठला आणि म्हणाला, "जमलं. अख्खा गाव जेवाले येते." मी बोटांनी काय कबूल केलं ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा माझी बायको आतून आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "इवाई, हात बाहेर काढा. पोरगी देऊन राह्यलो, गोऱ्हा नाई. आता तोंडानं बोला." आणि इवाई, ज्याला बालाघाटच्या वकिलानं हरवलं नव्हतं, तो हात काढून तोंडानं बोलला. शेवटी अर्धा गाव जेवायला आला. तेव्हापासून तो तिला घाबरायचा. माझ्या घराच्या फाटकाशी आला की दुपट्टा घडी करून पिशवीत टाकायचा, मगच आवाज द्यायचा, "ईहीनबाई, चहा मांडा."

पण त्याची खरी गंमत विकण्यात नाही, विकून झाल्यावर आहे. स्वतःचं घड्याळ विकलं, ते वेळ विचारणाऱ्यालाच. पाहुणा ज्या खाटेवर झोपला होता ती खाट त्यानं पाहुण्याला उठवून विकली. पाखऱ्या म्हणून एक पांढराशुभ्र बैल होता, सगळ्या पंचक्रोशीत तसा नव्हता, तोही विकला. आणि मग दर बाजाराच्या दिवशी खिशात ढेपेचा तुकडा घेऊन त्या नव्या मालकाच्या गोठ्यात जाऊन बसायचा. मालकाची बायको चहा द्यायची, हा चहा प्यायचा आणि पाखऱ्या ढेप खायचा. मी म्हटलं, "एवढाच जीव हाय तर विकला काहून?" तर म्हणतो, "विकलं मंजे तुटलं थोडीच?" खाटेलाही भेटून यायचा. खाटेसाठी काय न्यायचा ते मी विचारलं नाही.

आता बाटलीचं सांगतो.

लेक फ्रॉकात होती तेव्हा खदानीवर एक फ्रान्सचा साहेब आला होता, दगड पाहायला. दगड आमच्याकडं पुष्कळ, म्हणून बरेच दिवस राहिला. त्याची जीप माझ्याकडं. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या डब्यातली पातोडी चाखली, दुसऱ्या दिवसापासून माझा डबा त्याचा झाला आणि मी उपाशी. मग बायको दोन डबे द्यायला लागली. जाताना तो घरी आला आणि त्यांच्याकडच्या द्राक्षाच्या दारूची एक बाटली तिच्या हातात ठेवली. माझ्या नाही, तिच्या. गाडी मी चालवली, खड्डे मी चुकवले, बाटली तिला. बोलणं त्याचं कळेना, तेव्हा त्यानं दोन्ही हात गालाखाली धरून झोपल्याचं सोंग केलं, मग हातानं दूर दूर दाखवलं, मग बोटं चाटली. तिला सगळं कळलं. मला म्हणाली, "झोपवून ठेवा म्हणते. पिकली मंजे खा म्हणते."

पिकवायचं म्हणजे काय ते तिला शिकवायला नको होतं. आंबे अढीत घालतात, सीताफळं धानात पुरतात. तिनं बाटली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, किडे लागू नयेत म्हणून वर कडुनिंबाचा पाला बांधला, आणि धानाच्या कोठीत अगदी तळाशी आडवी पुरली. आणि दरसाल चैतात कोठी रिकामी झाली की पापड, कुरड्या, लोणच्याच्या बरण्या यांच्या रांगेत बाटलीही अंगणात उन्हाला बसायची. साठवणीच्या वस्तूला वर्षाकाठी ऊन दाखवलं नाही तर ती कुजते, हे तिच्या मायनं तिला शिकवलं होतं. कावळा येऊन टोचेल म्हणून ती बाटलीवर चाळणी उपडी घालायची. कावळ्यानं बाटली टोचल्याचं मी ऐकलं नव्हतं, पण तिच्यापुढं बोलायची माझी टाप नव्हती. मी नुसतं म्हणायचो, "उघडू आता." लेकीच्या लग्नात म्हणालो, नोकरी संपली तेव्हा म्हणालो. ती बाटली उन्हाकडं धरून पाहायची आणि म्हणायची, "अजून पिकली नाई."

मागच्या मंडईच्या आधी ती गेली. दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथं तिला बांगड्या भरायच्या होत्या. त्यावर जास्त लिहीत नाही. एवढं सांगतो, की मी आता भात शिजवतो तो शेजारचं मांजर वास घेऊन सोडून देतं, आणि अजून बिडी ओढताना मी दार लोटून घेतो.

या चैतात लेक आली आणि म्हणाली, "बाबा, कोठीतलं धान काढून टाका, उंदरं झाले." धान उपसता उपसता माझ्या हाताला लुगड्याचा तुकडा लागला. मी तसाच कोठीत डोकं घालून उभा राहिलो. लेकीला वाटलं मला चक्कर आली. तिनं पाठीमागून धरून ओढलं आणि मी बाटलीसकट बाहेर आलो. मी धान अंगावर घेऊन बसलो, तिनं झाडून काढलं. इतका शूर माणूस मी.

जावयानं बाटलीचा फोटो काढला. त्याचं मोबाइलचं दुकान आहे, तो जेवणाआधी जेवणाचाही काढतो. तो फोटो फिरत फिरत कान्हाच्या जंगलाकडं एका रिसॉर्टच्या मॅनेजरकडं गेला, आणि त्याचा फोन आला की अशी बाटली ठीक ठेवली असेल तर लोक जपून जपून चाटतात, मी स्वतः पाहायला येतो. जावई म्हणाला, "मामाजी, चीज है. निकाल दो. तुमचं काय काम त्याचं?"

आणि ही बातमी लांजी रोडवर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी आवाज आला, "इवाई, माल दाखवा." ईहीनबाईला चहा मांडायला सांगणारा आवाज तो, पण वाक्य वेगळं. दुपट्टा खांद्यावरच होता. मला ते खटकलं, मग वाटलं, आता तो कोणासाठी काढायचा?

त्यानं बाटलीची पाहणी केली ती बैलाची करतात तशी. मान पाहिली, पाठीवरून हात फिरवला, उलटी करून खूर पाहिले. "दात दिसत नाई, वय सांगता येत नाई," म्हणाला. "पण अंगानं भरली हाय. मॅनेजर आला की तुमी बोलू नोका. तुमी बोलले की मालाचा भाव पडते."

"मी विकून राह्यलो असं तुमाले कोणं सांगतलं?"

"मंग काय प्याले ठेवता?"

हाच प्रश्न होता. सकाळी माझं विकायचं ठरायचं, कारण सकाळी माणूस शहाणा असतो. संध्याकाळी प्यायचं ठरायचं, कारण संध्याकाळी मी मीच असतो. विकली तरी ती जाणार, प्यालो तरी जाणार. ठेवली तर मी जाणार आणि मग जावई विकणार. असा विचार करत मी बाटलीभोवती फिरायचो आणि इवाई माझ्याभोवती. बायकोच्या फोटोला विचारून पाहिलं. जिवंत होती तेव्हा विचारल्याशिवाय सांगायची, आता विचारूनही बोलत नव्हती. बाटलीवरच्या कागदावर काय लिहिलंय तेही आम्हा दोघांना वाचता येईना. इवाई म्हणाला, "काही लिहिलं असन. दारूवर कोणी खरं लिहिते काय?"

मॅनेजर येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "इवाई, खरं सांगा. तुमाले हरेक वस्तू विकाची घाई काहून असते?"

त्यानं दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हणाला, "पाखऱ्याची माय माह्या दावणीवर मेली. मी जवान व्हतो. सारी रात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, सकाळी सरली. तवापासून जे आवडते ते आधी विकतो. दुसऱ्याच्या गोठ्यात मेलं तर निरोप येते. पाहा लागत नाई."

मी पाहिलं होतं. दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या खाटेवर, शेवटपर्यंत. बिडी विझली होती, ती पेटवली, आणि सवयीनं मागं वळून दार लोटलेलं आहे का पाहिलं. इवायानंही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला. इस्तरीचा शर्ट, गॉगल, हातात छोटी टॉर्च. इवायानं त्याला खुर्ची दिली आणि तो बसतो न बसतो तो हातावर दुपट्टा टाकून बोट धरलं. मॅनेजर विंचू चावल्यासारखा उठला. "अंकल, ये क्या कर रहे हो?"

"सौदा," इवाई म्हणाला.

"मुँह से बोलिए न."

इवायानं माझ्याकडं पाहिलं. हे वाक्य या घरात त्यानं आधी ऐकलं होतं.

मॅनेजरनं बाटली उजेडाकडं धरली, मागं टॉर्च लावली, कागद वाचला. त्याचा चेहरा गोड झाला. म्हणाला, चीज बडी है. मग विचारलं, इतके साल रखी कैसे थी? इवायानं हात वर करून मला गप्प राहायची खूण केली आणि स्वतः सुरू झाला. पूरी उमर सोके रही, साहब. एक दिन पैर पे खडी नहीं हुई. अंधेरे में, धान के अंदर, ठंडे में. मॅनेजर मान डोलवत होता. म्हणाला, बढिया, बिल्कुल ऐसे ही रखते हैं. मी हे ऐकत होतो आणि माझी छाती फुगत होती. अडाणी बाई माझी, आणि हा गॉगलवाला तिला बढिया म्हणत होता. मग मला राहवलं नाही. तिचं निम्मंच कौतुक होत होतं. मी म्हणालो, "और हर साल चैत में धूप दिखाते थे. पूरा दिन. ऊपर से चाळणी रखके."

इवायानं डोळे मिटले. बैल लंगडतो हे मालकानंच सांगितल्यावर दलाल मिटतो तसे.

मॅनेजरनं बाटली हळूच खाली ठेवली. "धूप में? हर साल?" टॉर्च बंद केली. "अंकल, फिर तो ये कब की मर चुकी. धूप ने मार दिया इसको. जिसने भी रखा, प्यार से मार दिया." वाईट बोलायचं म्हणून बोलला नाही तो. मग म्हणाला, पण हरकत नाही, लेबल चांगलं आहे, आमच्या काउंटरमागं काचेच्या कपाटात दिसायला छान दिसेल, तसं घेतो. काय द्यायचं ते सांगा.

मला सारखं ते अंगण दिसत होतं, आणि चाळणीच्या भोकांतून बाटलीवर पडलेलं ठिपक्याठिपक्यांचं ऊन.

तेव्हा इवायानं माझ्या हातावर दुपट्टा टाकला. मॅनेजरला कळू न देता मला विचारायचं होतं, देऊन टाकायची का, कितीला. त्याचा हात खाली आला, माझ्या हाताला लागला आणि थांबला. मला एखादं बोट उचलायचं होतं. एक उचललं असतं तरी सौदा झाला असता. माझ्यानं उचललं नाही. हात तसाच पडून राहिला, त्याच्या हातात. त्यानंही कोणतं बोट दाबलं नाही. नुसता धरून बसला. मॅनेजर एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं, एकदा दुपट्ट्याकडं पाहत राहिला. मग इवाई तोंडानं बोलला, "सौदा नाई जमत, साहब. माल घर का है." जन्मात पहिल्यांदा त्यानं आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं, तेही चहा पाजून.

तो गेल्यावर मी म्हटलं, "मेली म्हणते तो."

"मंग मातीले जाऊ," इवाई म्हणाला. "मेलेल्याच्या घरी दोन माणसं तर बसावं. काहाडा गिलास."

बूच काढायचं ते पेचदार हत्यार आमच्याकडं कुठलं? मी पेचकस घेतला. बूच बाहेर यायचं सोडून तुकडे होऊन आत गेलं. मग चहाच्या गाळणीतून दोन स्टीलच्या ग्लासांत गाळली. रंग जुन्या विटेसारखा. मी एक घोट घेतला आणि माझे दोन्ही कान मागं गेले. अंबाडी, चिंच आणि सर्दीचं औषध एकत्र उकळलं तर होईल तशी चव. इवायानं डोळे मिटून गिळलं आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"पिकली की सडली?" मी विचारलं.

"ईहीनबाईच्या हिशोबानं पिकली," तो म्हणाला, आणि ग्लास पुढं केला. "घाला अजून."

आम्ही अर्धी संपवली. नशा काडीची आली नाही, पोटात तेवढी आग पडली. फ्रान्सच्या साहेबानं चाखली असती तर पुन्हा दगड पाहायला निघून गेला असता. उरलेली लेकीनं नेली आणि कांद्याच्या लोणच्यात घातली, लोणचं फार चांगलं झालं. शेजारच्या बायांनी वाटी पाठवून मागितलं. बायकोला समजलं असतं तर म्हणाली असती, मी म्हणत नव्हतो काय. म्हणजे तिनं "मी म्हणत नव्हती" म्हटलं असतं. मी तिच्या तोंडचं माझ्या तोंडानं बोलायला लागलोय आजकाल.

जाताना इवाई फाटकाशी थांबला. रिकामी बाटली त्याच्या डोळ्यात भरली होती. म्हणाला, "हे रिकामी बाटली काय करता? मले द्या." मी म्हटलं, फुकट घ्या. तर त्याला राग आला. फुकट त्यानं कधी काही घेतलं नाही. त्यानं दुपट्टा काढला, माझ्या हातावर टाकला, आणि आम्ही भाव केला. या वेळी मी नीट बोटं धरली. काय ठरलं ते विचारू नका, दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखाली.

आता बाजाराच्या दिवशी मी लांजीची बस धरतो. लेकीला सांगतो, गुडघ्याला तेल आणायला जातो. गुडघे माझे ठणठणीत आहेत, हे तिलाही ठाऊक आहे. इवायाच्या घरी पोचलो की तो का आलात विचारत नाही, नुसती दुसरी खाट अंगणात काढतो. बाटली त्यानं ओसरीच्या कठड्यावर ठेवली आहे, उगवतीच्या बाजूला. पहिल्या वेळी मी म्हटलं, "इवाई, उन्हात काहून ठेवली?" तो म्हणाला, "दाखवून राह्यलो. वर्षाकाठी दाखवा लागते."

मी खिशातून कडुनिंबाची डहाळी काढतो आणि बाटलीच्या तोंडात खोचतो. मागची वाळलेली असते, ती काढून टाकतो. मग आम्ही चहा पितो.